इंद्रियांची भूक, बाजाराचा घास

रविवारी सायंकाळी ठाण्या-डोंबिवलीतील किंवा पुण्यातील कोणत्याही उपाहारगृहात डोकावून पाहावे. सुशिक्षित, सुस्थितीतील एखादे कुटुंब टेबलाभोवती बसलेले असते आणि त्यांच्यामध्ये उंच खुर्चीत वर्ष-सव्वा वर्षाचे मूल. त्याच्यापुढे पाण्याच्या पेल्याला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो. पडद्यावर भडक रंगांची चित्रे नाचत असतात, इंग्रजी गाणे वाजत असते, मुलाचे तोंड यंत्रवत उघडते आणि घास आत जातो. तो वरणभात आहे की खिचडी, गरम आहे की गार, याचा त्या जिवाला पत्ताही नसतो. आई सुटकेचा निःश्वास टाकते आणि आजी शेजारच्या टेबलावर सांगते, ‘‘मोबाईलशिवाय जेवतच नाही हो आमचा!’’

हे कौतुक समजायचे की कबुलीजबाब?

गंमत अशी की, याच घरात ‘मेंदूचा विकास’ या शब्दांचा जप सर्वाधिक चालतो. मूल जन्मण्यापूर्वीच तेथे बुद्धिवर्धक संगीताच्या ध्वनिफिती आलेल्या असतात. मूल सहा महिन्यांचे होण्याआधी चित्रपत्त्यांचे संच, दिवे लागणारी आणि इंग्रजी मुळाक्षरे बोलणारी खेळणी आणि ‘पहिल्या हजार दिवसांचा’ कानमंत्र देणारी महागडी शिबिरे येतात. ज्ञानेंद्रियांना चालना मिळाली की मेंदू घडतो, हे या पालकांनी वाचलेले आहे आणि ते खरेही आहे. त्यांची चूक अज्ञानाची नाही. ती चालना दुकानात मिळते, ती जितकी अधिक, जितकी झगमगीत आणि जितकी लवकर, तितके मूल हुशार, या श्रद्धेची ती चूक आहे. ही श्रद्धा बाजाराने जाणीवपूर्वक रुजवली. ती कशी रुजवली, याचा इतिहास फार जुना नाही.

१९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आकार ओळखण्याच्या एका चाचणीत थोडे अधिक गुण मिळवले, असे ते निरीक्षण होते. विद्यार्थी होते ३६. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटे. या ३६ जणांत अर्भक एकही नव्हते. पण एवढ्या आधारावर अमेरिकेत ‘मोझार्ट ऐकवा, मूल बुद्धिमान करा’ अशी लाट उसळली. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत पाठवण्यासाठी सरकारी तिजोरीतून १ लाख ५ हजार डॉलर्स मागितले. याच काळात ‘बेबी आइनस्टाइन’ नावाच्या चित्रफिती बाजारात आल्या आणि २००१ मध्ये डिस्ने कंपनीने तो उद्योग विकत घेतला. ग्राहक संघटनांनी शैक्षणिक लाभाच्या दाव्यांवर आक्षेप घेतले आणि २००९ मध्ये कंपनीला चित्रफिती परत घेऊन पैसे देण्याची तयारी दाखवावी लागली. पैसे परत मिळू शकतात. पडद्यापुढे गेलेले महिने परत करण्याची योजना मात्र कोणत्याही कंपनीकडे नाही.

पश्चिमेकडून आले म्हणून केवळ पश्चिमेला बोल लावून मोकळे होण्याची सोय येथे नाही. हाच व्यापार आपल्याकडे कुंकू लावून आला. गर्भवतीच्या पोटावर ध्वनियंत्र बांधून श्लोक ऐकवणारी पाकिटे आता विकली जातात आणि त्याला गर्भसंस्कार म्हटले जाते. अभिमन्यूची लोकप्रिय कथा या विक्रेत्यांच्या जिभेवर असते. त्या कथेत आहे काय? अर्जुन सुभद्रेशी बोलत आहे. पतीने पत्नीजवळ बसावे, तिच्याशी बोलावे आणि तो संवाद पोटातील जिवाने ऐकावा, हे त्या कथेचे मर्म. गर्भाच्या सुमारे सातव्या महिन्यात बाळाला ऐकू येऊ लागते, हे विज्ञान मान्य करते. जन्मानंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत बाळ इतर स्त्रियांच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते, हे १९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांच्या प्रयोगाने दाखवले. बाळाला जो आवाज हवासा वाटला तो आईचा होता. तो तिच्या कंठात फुकट उपलब्ध असताना पोटावर यंत्र बांधायचे आणि नवऱ्याने शेजारच्या खोलीत क्रिकेटचा सामना पाहत बसायचे, याला संस्कार म्हणणे ही परंपरेचीच थट्टा आहे.

डोळा असून आंधळा मेंदू

इंद्रियांना चालना मिळाली नाही तर काय होते, हा प्रश्न तात्त्विक राहिलेला नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा जन्मानंतरचे काही आठवडे बंद ठेवला. नंतर तो उघडला. डोळा निरोगी होता, पण मेंदूतील पेशींनी त्या डोळ्याशी संबंध तोडलेला होता. वापर नसलेली वाट बुजली होती. १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि बालकांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये, हा धडा जगभरच्या वैद्यकाला मिळाला.

त्याचा पुढचा अध्याय भारतात लिहिला गेला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील भारतीय वैज्ञानिक पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ प्रकल्पाद्वारे दिल्लीच्या श्रॉफ नेत्ररुग्णालयाच्या साहाय्याने जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया घडवून आणल्या. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत आठ ते सतरा वर्षे वयाची पाच मुले होती. दृष्टी आल्यावर लगेच त्यांना विचारले गेले की, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता येते का? येत नव्हती. हात आणि डोळा एकमेकांना अनोळखी होते. काही दिवसांत ती ओळख पटू लागली, हे दिलासादायक. पण दृष्टीची तीक्ष्णता सर्वसामान्य पातळीवर पोहोचली नाही. दार पूर्ण बंद होत नाही, परंतु उशिरा ठोठावणाऱ्याला ते पूर्ण उघडतही नाही.

याहून विदारक प्रयोग एका राजवटीने, प्रयोग म्हणून नव्हे तर धोरण म्हणून, स्वतःच्या देशातील मुलांवर केला. रुमानियातील निकोलाय चाउशेस्कूची साम्यवादी राजवट १९८९ च्या डिसेंबरात कोसळली, तेव्हा सरकारी अनाथालयांतून एक लाखाहून अधिक मुले असल्याचे उघड झाले. राष्ट्राची लोकसंख्या वाढवायची म्हणून गर्भपातावर बंदी आणायची आणि गरिबाला न पोसवणारे मूल सरकारने सांभाळायचे, हे धोरण होते. कुटुंबापेक्षा शासन श्रेष्ठ पालक, हा त्यामागचा अहंकार. मुलांना अन्न मिळत होते, छप्पर होते. रांगेने मांडलेल्या पाळण्यांतून ती पांढऱ्या छताकडे पाहत पडून असत. रडले तरी कोणी येत नाही, हे शिकल्यामुळे कित्येक मुले रडतही नसत. २००० साली बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना पालक कुटुंबे मिळाली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि भाषा सुधारली. दोन वर्षांच्या आत जी कुटुंबात गेली, त्यांची सुधारणा अधिक झाली. संस्थेत राहिलेल्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरीसुद्धा मंद राहिल्या.

हाकेला ओ

या मुलांना नेमके काय मिळाले नव्हते? रंग आणि आवाज म्हणावेत तर ते दूरचित्रवाणी संच लावूनही देता आले असते. त्यांना मिळाला नव्हता तो प्रतिसाद. मूल हाक घालते, मोठे माणूस ओ देते. मूल ‘अं’ म्हणते, आजी ‘काय गं बाई’ म्हणते. मूल खुळखुळा खाली टाकते, बाबा उचलून देतात, ते पुन्हा टाकते आणि खदखदा हसते. हा कंटाळवाणा वाटणारा खेळ म्हणजे मेंदूच्या बांधकामावरचा गवंडी आहे. पडदा हाक मारतो, पण ओ देत नाही.

हे भावनेच्या भरात केलेले विधान नाही. सिएटल येथील पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. बारा बैठका झाल्या. एका गटाशी चिनी बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळली, बोलली. दुसऱ्या गटाने त्याच व्यक्तींना पडद्यावर पाहिले, तिसऱ्याने केवळ ध्वनिफीत ऐकली. पहिल्या गटाच्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद कळू लागले. उरलेल्या दोन्ही गटांचे शिकणे शून्य! शब्द तेच, आवाज तेच, मिनिटेही तितकीच. फरक फक्त जिवंत माणसाचा होता.

आणखी एक प्रयोग मराठी माणसाने तर कोरून ठेवावा असा आहे. १९८४ मध्ये कॅनडातील जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हा भेद सहज कळत होता. वर्षाच्या उंबरठ्यावर आलेल्या बाळांना तो कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात त्या भेदाची गरजच नव्हती. जगातील कोणतीही भाषा उचलू शकणारा कान पहिल्याच वर्षात घरच्या भाषेला वाहून घेतो. मग ज्या मराठी घरात बाळाशी बोलण्याचे काम इंग्रजी बालगीतांच्या वाहिनीवर सोपवले आहे, त्या घरात पुढे ‘आमच्या मुलाला मराठी वाचायचा कंटाळा येतो’ ही तक्रार कोणाविरुद्ध करायची? (अपवाद नोंदवला पाहिजे. अमेरिकेतील नातवाशी आजी पडद्यावरून बोलते, तो प्रकार तज्ज्ञ वेगळा मानतात, कारण तेथे ओ देणारे माणूस आहे.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बालकांसाठी पडदा पूर्ण वर्ज्य आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे मार्गदर्शन केले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असे स्पष्ट सांगितले आहे. परंतु मुलाच्या हातातील मोबाईलइतकाच घातक आहे तो पालकांच्या हातातील मोबाईल, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना सांगितले की, बाळाकडे पाहा, पण काही क्षण चेहरा निर्विकार ठेवा. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, ओरडते आणि शेवटी मान फिरवून हिरमुसते. तेव्हा तो प्रयोगशाळेतील दोन-तीन मिनिटांचा खेळ होता. आज तो निर्विकार चेहरा घराघरांत तासन्‌तास मोबाईलवर झुकलेला असतो. संस्कारवर्गाच्या दारात मुलाला सोडून बाहेर गाडीवर बसलेले वडील त्याला अपवाद नाहीत आणि मालिका पाहता पाहता पाळण्याची दोरी ओढणारी आजीही नाही.

तेल, वाटी आणि मालीशवाली

आता आपल्या घरात काय होते, ते आठवावे. नवजात बाळाची नजर साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवर स्थिरावते. पदराखाली घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. पाळण्यावर चिमणाळे टांगले जाई, ते पुढे हळूहळू नजर लांबवण्यासाठी. पाय लांब करून त्यावर बाळाला आडवे घेऊन तेल लावणे, ऊन पाणी, टाळूवर थोपटणे, मऊ जुन्या लुगड्यात गुंडाळणे, तळहातावर बोट फिरवून मोराला दाणा घालणे, उष्टावणाच्या दिवशी जिभेवर खिरीचे बोट. स्पर्श, ताप, गंध, नाद, चव आणि या सर्वांबरोबर अखंड बोलणे. तेल लावणारी बाई बाळाशी भांडते, त्याची चेष्टा करते, त्याला नावे ठेवते. पाचही ज्ञानेंद्रियांचा एवढा समृद्ध पाठ कोणत्या खेळण्याच्या खोक्यात बसतो?

या ज्ञानाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लेबॉये यांनी कोलकात्याच्या गरीब वस्तीत एका मातेला बाळाला तेल लावताना पाहिले आणि १९७६ मध्ये तिच्या नावाने ‘शांतला’ हे पुस्तक लिहिले. युरोपला मालीश कळली ती अशी. १९८६ मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा हळुवार चोळून पाहिले. न चोळलेल्या बाळांपेक्षा त्यांचे वजन ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. मुंबईतील डॉक्टरांनीही २००५ मध्ये खोबरेल तेलाच्या मालिशीचा वजनवाढीला होणारा लाभ नोंदवला. आज मोठ्या शहरांत ‘बेबी मसाज’चे शुल्क निमूटपणे भरले जाते आणि घरी येणाऱ्या मालीशवाल्या बाईशी मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस होते!

परंपरेतील सर्वच माथी लावावे, असे मात्र कोणी म्हणू नये. नाका-कानात तेल घालणे, डोळ्यांत काजळ, बंद खोलीत धुरी, बाळाचे नाक चिमटून ‘सरळ’ करणे, या गोष्टींना बालरोगतज्ज्ञांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. नाकातील तेल फुप्फुसात जाते, काजळात शिसे आढळते. हे सोडून दिल्याने संस्कृती बुडत नाही. जे टाकायचे ते जपले आणि जे जपायचे ते टाकले, असा उलटा व्यवहार अनेक घरांत दिसतो. बाळाला काजळाची तीट आहे, समोर मोबाईलही आहे आणि तेल लावायला मात्र वेळ नाही.

खाऊच्या पलीकडे

श्रीमंती खेळण्यांवाचून इंद्रियशिक्षण होत नाही, या भ्रमाला महाराष्ट्राने फार पूर्वी उत्तर दिले होते. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा पाया इंद्रियशिक्षणच. परंतु त्यांची साधने महागडी. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत ही पद्धत आत्मसात केली आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसमोर त्यांनी बिया, पाने, खडे, शिंपले, माती ठेवली. खरखरीत-गुळगुळीत, लहान-मोठे, जड-हलके हे सारे त्यातून शिकवता आले. पैशाची अडचण होती म्हणून हे केले, एवढेच त्याचे मोल नाही. मुलाच्या परिसरातील वस्तू त्याच्या इंद्रियांशी अधिक बोलते, हे त्यांनी ओळखले होते.

तीच गोष्ट जमैकातील किंग्स्टन शहरात सिद्ध झाली. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू केला. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाई, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी नेई आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवी. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर खेळ मिळालेल्या गटाची कमाई २५ टक्के अधिक आढळली. केवळ आहाराचा लाभ तितका टिकला नाही.

आपल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९७५ चा. देशभरात आज सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आणि समाजाच्या लेखी त्यांची ओळख काय? ‘खिचडी मिळते ती जागा.’ शून्य ते तीन वयोगटासाठी खेळ आणि संवाद यांचा आराखडा देणारा ‘नवचेतना’ हा कार्यक्रम केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणला, म्हणजे योजना सुरू झाल्यावर जवळजवळ अर्ध्या शतकाने! २०२० च्या शिक्षण धोरणानेच सांगितले आहे की, मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो. मग ज्या सेविकेवर हे काम सोपवले, तिला आपण अजूनही वेतन न देता ‘मानधन’ का देतो? २०२१ पासून तिच्या दिवसातील मोठा वेळ पोषणाची माहिती मोबाईलवर भरण्यात जातो. मुलांसमोरून पडदा दूर करायला जिला सांगायचे, तिच्याच हातात आपण पडदा दिला आहे.

मध्यमवर्गाला अंगणवाडी नको असते. तो हजारो रुपये भरून तीन वर्षांच्या मुलाला अशा वर्गात धाडतो, जेथे मातीला हात लावणे ‘घाण’ समजले जाते आणि स्नायू तयार होण्यापूर्वी पेन्सिल हातात दिली जाते. कठोपनिषदाने इंद्रियांना रथाच्या घोड्यांची उपमा दिली. येथे घोड्यांना चारा नाही आणि लगाम ओढणे मात्र सुरू झाले आहे.

‘वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप खोटा नाही. दोघांची नोकरी, दोन तासांचा प्रवास, आजी-आजोबा गावी, दोन खोल्यांचा संसार. २०१७ च्या कायद्याने नोकरदार मातेला २६ आठवड्यांची रजा मिळाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. या आस्थापनांपैकी खरोखर पाळणाघर चालवणाऱ्या किती, हे कामगार संघटनांनी विचारावे. पित्यासाठी केंद्र सरकारी सेवेत पंधरा दिवसांची रजा आहे, खासगी क्षेत्रात कायद्याने काहीही नाही. आणि संस्कृतीचे पोवाडे गाणाऱ्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. मुलाला न्हाऊ घालणे, भरवणे, थोपटणे हे सारे ‘मातृत्वाचे माहात्म्य’ म्हणून एकट्या आईच्या खांद्यावर टाकले, तेव्हा बापाची मांडी रिकामी का राहिली? बाळाच्या त्वचेला तेल लावणारा हात स्त्रीचा की पुरुषाचा, हे बाळ विचारत नाही. रात्री आठ वाजता घरी आलेल्या वडिलांनी फोन दाराजवळच्या फडताळात ठेवून अर्धा तास जमिनीवर बसायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभेत कॅमेऱ्यांसाठी, वाहनतळाच्या फरशीसाठी, प्रवेशद्वारावरील दिव्यांसाठी ठराव मंजूर होतात. एका कोपऱ्यात दहा बाय दहाचा वाळूचा हौद आणि एक पाण्याची टाकी मुलांसाठी असावी, असा ठराव मांडणारा सदस्य यंदा किती सभांत उभा राहतो आणि ‘कपडे खराब होतील’ म्हणून त्याला खाली बसवणारे किती निघतात, हे पाहायचे आहे.